मदत हवी आहे: बायोप्सीत 'मेटाप्लाझिया' आलंय. जठराच्या पेशी बदलतात म्हणजे नेमकं काय होतं?

काठावरची:
नमस्कार मंडळी. एंडोस्कोपी झाली, बायोप्सीचा रिपोर्ट हातात आहे. थोडक्यात असा: तुकडे जठराच्या कॉर्पस (मधल्या मोठ्या) भागातले. क्रॉनिक ॲक्टिव्ह गॅस्ट्रायटिस (जठराची जुनी, अजून चालू असलेली जळजळ), पराएटल पेशी कमी झालेल्या, स्यूडोपायलोरिक मेटाप्लाझिया, एके ठिकाणी कम्प्लीट प्रकारचा इंटेस्टायनल मेटाप्लाझिया. डिसप्लाझिया नाही. एच. पायलोरी (जठरात राहणारा जंतू) पॉझिटिव्ह.

डॉक्टरांनी अँटिबायोटिक्सचा कोर्स दिलाय, 'घाबरू नका, पण तपासणीला या' म्हणाले. उपचारांबद्दल सल्ला नकोय, ते चालू आहेत. मला समजून घ्यायचंय. शाळेत शिकलेलं आठवतं की पेशी एकदा तयार झाली की ती तीच राहते. मग जठरातली पेशी आतड्यातल्या पेशीसारखी होतेच कशी? आणि हे शरीर जखम भरायला करतंय, की हीच कॅन्सरची सुरुवात? नेटवर दोन्ही वाचलं आणि रात्रीची झोप गेली. कोणाला यातलं कळत असेल तर नीट सांगाल का? थोडं किचकट असलं तरी चालेल.

आडवाटेचा:
माझ्याही रिपोर्टात हेच होतं. नेट बंद करा आधी. जाणकार येतीलच. (वाचतोय.)

सूक्ष्मदर्शी:
काठावरची ताई, मी पॅथॉलॉजीत आहे. तुमच्या स्लाइड्स पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे सर्वसाधारणच बोलते.

जठराचं अस्तर सपाट नसतं, त्यात खोल नळ्यांसारख्या ग्रंथी असतात. वरच्या तोंडाशी म्यूकस बनवणाऱ्या पेशी, त्या काही दिवसांतच झडतात आणि नव्या येतात. मधल्या अरुंद भागात स्टेम सेल्स, म्हणजे ज्यांच्यापासून बाकीच्या पेशी तयार होतात त्या. त्याखाली ॲसिड बनवणाऱ्या पराएटल पेशी, आणि तळाशी पेप्सिनोजेन (प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइमचं कच्चं रूप) बनवणाऱ्या चीफ पेशी. या तळच्या पेशी महिनोन्‌महिने जगतात.

इजा वरवरची असेल तर गोष्ट सोपी. शेजारच्या पेशी पसरून, सरकत येऊन उघडी जागा झाकतात. त्याला विभाजनही लागत नाही, काही मिनिटांत सुरू होतं. त्याहून जास्त नुकसान झालं की स्टेम सेल्स नव्या पेशी पुरवतात. तुमच्या रिपोर्टात दिसतंय ते तिसरं: पराएटल पेशीच मोठ्या प्रमाणात गेल्या, की तळच्या ग्रंथींचं रूपच पालटतं. कॉर्पसच्या ग्रंथी अँट्रमच्या, म्हणजे जठराच्या खालच्या टोकाच्या ग्रंथींसारख्या दिसू लागतात. ॲसिड-एन्झाइमऐवजी म्यूकस. हाच स्यूडोपायलोरिक मेटाप्लाझिया.

इंटेस्टायनल त्यापुढचा. त्यात आतड्यासारख्या, म्यूकसने भरलेल्या गॉब्लेट पेशी दिसतात. कम्प्लीट म्हणजे लहान आतड्याशी बऱ्यापैकी साम्य. इनकम्प्लीट मोठ्या आतड्याकडे झुकणारा असतो आणि त्याची धास्ती जास्त. तुमचा कम्प्लीट आहे आणि डिसप्लाझिया (कॅन्सरच्या दिशेने झुकलेल्या, बिघडलेल्या पेशी) नाही, या दोन शब्दांना माझ्या लेखी बरंच वजन आहे.

काठावरची:
सूक्ष्मदर्शी, मनापासून आभार. पण 'रूप पालटतं' म्हणजे जुनी पेशी मरून नवी वेगळी येते, की तीच पेशी बदलते?

प्रयोगशाळेतला उंदीर:
इथेच खरी गंमत आहे, आणि मतभेदही. मी या विषयात काम करत नाही, पण शेजारच्या बाकावर चालतं ते, म्हणून लिहितो.

एका मोठ्या गटाच्या मते तीच पेशी बदलते. तळची चीफ पेशी आपलं पक्कं रूप सोडून देते. संशोधक जेसन मिल्स यांच्या गटाने २०१८ साली याला 'पॅलिजेनोसिस' नाव दिलं आणि त्याचे तीन टप्पे मांडले. आधी पेशी स्वतःलाच पचवते. एन्झाइमने भरलेल्या पिशव्या, ते बनवणारी यंत्रणा, सगळं लायसोसोमच्या (पेशीतल्या पचवणाऱ्या पिशव्यांच्या) वाटे मोडीत निघतं. या वेळी एमटॉर हा वाढीला हिरवा कंदील देणारा मार्ग थंडावतो. मग एरवी बंद असलेली जनुकं जागी होतात: सॉक्स९, सीडी४४, टीएफएफ२. शेवटी एमटॉर परत चालू होतो आणि पेशी विभाजन सुरू करते. रॅपामायसिन देऊन एमटॉर दाबला तर पहिले दोन टप्पे होतात, विभाजन मात्र अडतं. म्हणजे हा विस्कळीत गोंधळ नाही, ठरलेल्या क्रमाचा कार्यक्रम आहे. स्वादुपिंडाच्या एन्झाइम बनवणाऱ्या पेशींतही साधारण हाच क्रम सापडला.

घरात आग लागली की सुतार हातातलं फर्निचर टाकून पाणी मारायला धावतो, तसं काहीसं. फक्त इथे सुतार आपली हत्यारंही वितळवून टाकतो.

उंदरांना टॅमॉक्सिफेनचा मोठा डोस दिला की दोन-तीन दिवसांत पराएटल पेशी झडतात, चीफ पेशी बदलतात, आणि औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत ग्रंथी पुन्हा जागेवर येतात. (स्तनाच्या कॅन्सरसाठी हे औषध घेणाऱ्यांनी दचकू नये, उंदरांना दिलेला डोस वजनाच्या मानाने कितीतरी पट मोठा असतो.) सांगायचं ते हे, की बदल झाला म्हणजे परतीचा रस्ता बंद झाला असं नाही.

विरोधी बाजू: काही संशोधकांच्या मते बदललेल्या पेशी मुख्यतः मधल्या भागातल्या स्टेम सेल्सपासून किंवा त्यालगतच्या म्यूकस पेशींपासून येतात, चीफ पेशींचा वाटा फारसा नाही. कोणती पेशी कुठून आली हे शोधायला पेशींना खूण करतात, त्या पद्धतीवरच दोन्हीकडून आक्षेप आहेत. मला स्वतःला चीफ पेशींची बाजू जास्त पटते, पण वाद मिटलेला नाही.

आडवाटेचा:
सुताराचं आवडलं. पण मग बदलून फायदा काय? म्यूकस बनवून आग विझते का?

प्रयोगशाळेतला उंदीर:
काही प्रमाणात हो. टीएफएफ२ हे प्रथिन आणि म्यूकस यांचं मिश्रण उघड्या पृष्ठभागावर लेप देतं, पेशींच्या सरकण्यालाही मदत करतं. उंदरांत अल्सरच्या कडेला याच पेशी उगवताना दिसतात. म्हणून मी याला दुरुस्तीच म्हणेन. गडबड होते ती दुरुस्ती संपतच नाही तेव्हा. एच. पायलोरी वर्षानुवर्षं जठरात ठाण मांडून बसतो, त्यामुळे बदल, परत येणं, पुन्हा बदल, असं चक्र चालू राहतं. चीफ पेशी दीर्घायुषी, तिच्या डीएनएत बिघाड साठलेले असू शकतात. ती गप्प बसली असताना ते निरुपद्रवी. विभाजनाला लागली की तेच बिघाड पुढच्या पिढीत जातात.

सूक्ष्मदर्शी:
थोडी भर. पॅथॉलॉजिस्ट पेलायो कोरिया यांनी १९७५ पासून मांडलेली साखळी हीच: जळजळ, ग्रंथी विरळ होणं, इंटेस्टायनल मेटाप्लाझिया, डिसप्लाझिया, मग कॅन्सर. पण नेटवर ती सरकत्या जिन्यासारखी दाखवतात, पाय ठेवला की वर पोचलात. तसं नाही, बहुतेक लोक मधल्या पायरीवरच राहतात. नेदरलँड्समधल्या २००८ सालच्या मोठ्या अभ्यासात इंटेस्टायनल मेटाप्लाझिया असलेल्यांत कॅन्सरचं प्रमाण वर्षाला साधारण ०.२५ टक्के होतं, तीव्र डिसप्लाझियात ६ टक्के. फरक बघा.

आणि स्यूडोपायलोरिकमधूनच इंटेस्टायनल होतो का, हेही माणसांत पक्कं सिद्ध झालेलं नाही. दोन्ही शेजारी-शेजारी सापडतात एवढं खरं.

काठावरची:
आता जरा श्वास घेतला. शेवटचे दोन प्रश्न. जंतू गेला की हे सगळं पूर्ववत होईल का? आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना काय विचारू?

सूक्ष्मदर्शी:
जळजळ नक्की उतरते. जळजळीत जमलेल्या पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल लवकर जातात, लिम्फोसाइट रेंगाळतात. विरळ झालेल्या ग्रंथी, विशेषतः कॉर्पसमध्ये, बऱ्याच जणांत सुधारतात. इंटेस्टायनल मेटाप्लाझिया हट्टी, त्याबद्दलचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. तो तसाच राहिला तरी जंतू गेल्याने कॅन्सरचा धोका कमी होतो, म्हणून कोर्स अर्धवट सोडू नका.

विचारायचं म्हणाल तर पहिलं, जंतू गेला का याची चाचणी कधी. अँटिबायोटिक्स संपल्यावर निदान ४ आठवडे जाऊ द्यावे लागतात आणि ॲसिड कमी करणारी गोळी चाचणीआधी २ आठवडे बंद ठेवावी लागते, नाहीतर खोटं निगेटिव्ह येऊ शकतं. श्वासाची किंवा शौचाची चाचणी चालते. रक्तातली अँटिबॉडी तपासून उपयोग नाही, ती जंतू गेल्यावरही बराच काळ पॉझिटिव्ह राहते. दुसरं, बी१२ बघायचं का. ते शोषायला लागणारा इंट्रिन्सिक फॅक्टर पराएटल पेशीच बनवतात. बदल फक्त कॉर्पसमध्येच आणि अँट्रम स्वच्छ असेल तर ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिसचाही (शरीराची प्रतिकारशक्तीच जठरावर उलटते तो प्रकार) विचार करावा लागतो.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: तुकडे नेमके कुठून घेतले? अँट्रमच्या ग्रंथी मुळातच म्यूकसच्या असतात. त्यामुळे अँट्रमचा तुकडा चुकून कॉर्पसच्या बाटलीत गेला, तर निरोगी ग्रंथींनाच स्यूडोपायलोरिक म्हटलं जाईल.

काठावरची:
अरे बापरे! हे कसं ओळखतात? आणि माझ्या रिपोर्टात 'तुकडे ३, एकत्र' एवढंच आहे.

सूक्ष्मदर्शी:
गॅस्ट्रिन स्टेन करून, म्हणजे गॅस्ट्रिन हे हार्मोन दाखवणारा रंग देऊन. अँट्रममध्ये गॅस्ट्रिन बनवणाऱ्या जी पेशी असतात, कॉर्पसमध्ये नसतात. तुमच्या बाबतीत पराएटल पेशी 'कमी झालेल्या' लिहिलंय, म्हणजे थोड्या तरी दिसल्यात, तेव्हा तुकडे कॉर्पसचेच असण्याची शक्यता जास्त. तरी ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले तुकडे) लॅबमध्येच असेल, स्टेन करता येईल का एवढं विचारून घ्या. आणि पुढची एंडोस्कोपी ठरली तर अँट्रमचे २, जठराच्या वळणावरचा १ आणि कॉर्पसचे २ असे निदान ५ तुकडे घ्यायला आणि अँट्रम-कॉर्पस वेगळ्या बाटल्यांत पाठवायला सांगा. बदल किती पसरलाय ते त्यावरूनच ठरतं, आणि पुढे दर ३ वर्षांनी तपासत राहायचं की नाही तेही.

काठावरची:
लिहून घेतलं. ब्लॉकबद्दल उद्याच लॅबला फोन करते.