काकांच्या हातातला कप
मेंदूत यंत्र बसवणं म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असं काही जण म्हणतात. नाही पटलं. गिरगावातल्या माझ्या काकांना पार्किन्सन्स (हात कापायला लावणारा मेंदूचा आजार) आहे. अर्धा चहा बशीत सांडायचा, शर्टाची बटणं काकू लावायच्या. डीप ब्रेन स्टिम्युलेशन केलं: मेंदूत सौम्य वीज सोडणाऱ्या बारीक तारा, छातीत कातडीखाली बॅटरी. आता कप स्वतः धरतात. (आजार जात नाही, कंप आटोक्यात राहतो.) खर्चापायी गावची जमीन गेली, हेही खरं.

माझी काळजी वेगळी आहे. अंधांसाठीचं 'आर्गस २' हे डोळ्यातलं यंत्र बनवणं सेकंड साइट कंपनीने २०१९ मध्ये बंद केलं. ते बसवलेले ३५० हून अधिक लोक वाऱ्यावर पडले. काकांची बॅटरी पुढच्या वर्षी बदलायचीय. सुटे भाग किती वर्षं मिळतील, हे मी काकांच्या यंत्राच्या कंपनीकडून लेखी मागणार आहे.