मदत हवी आहे : फॉर्ममध्ये सही अपलोड होत नाही, उद्या शेवटचा दिवस!

सावली_गुहागर
बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरतेय. सगळं भरून झालं, फक्त सहीची फाइल घेत नाहीये. लहान करून झाली, तरी तोच एरर. आता तर 12 केबी आहे, अजून किती लहान करू? पावसामुळे लाइट येते-जाते, लॅपटॉपची बॅटरी कधी संपेल सांगता येत नाही. कोणीतरी पटकन सांगा.

देवगडी
एरर म्हणजे नक्की काय येतं? शब्द जसेच्या तसे लिही. मर्यादा किती दिली आहे? जेपीजी आहे की पीएनजी? लहान कशात केलीस?

मिऱ्या_बंदर
एवढं काही करायची गरज नाही. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठव आणि परत डाउनलोड कर, आपोआप लहान होतो. आमच्या घरातले सगळे फॉर्म असेच भरले.

देवगडी
होतो, पण किती लहान होईल ते आपल्या हातात नसतं. फॉर्मला 20 केबी हवे असतील आणि व्हॉट्सअ‍ॅपने 90 ची फाइल दिली तर काय करणार?

निवृत्त_मास्तर
डीपीआय तपासा. सूचनापत्रकात 200 डीपीआय लिहिलेले असते. तुमची प्रतिमा 72 ची असेल, म्हणून नाकारली जात आहे. मी शाळेत असताना मुलांचे फॉर्म भरून देत असे, तेव्हा हीच अडचण येई.

पिक्सेलवाला
मास्तर, तुमचा मान राखून सांगतो, डीपीआयचा इथे संबंध नाही. ते 200 स्कॅनरसाठी लिहिलेलं असतं. फाइल तयार झाल्यावर डीपीआय म्हणजे छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे एवढीच नोंद. नुसता तो आकडा 72 चा 200 केला तर एक पिक्सेल वाढत नाही आणि केबीही तेवढेच राहतात. केबी ठरतात पिक्सेलवर, जेपीजीच्या क्वालिटीवर आणि चित्रात बारकावे किती आहेत त्यावर.

निवृत्त_मास्तर
मग सूचनापत्रकात कशाला लिहितात? वाचूनच तर भरायचे असते.

पिक्सेलवाला
कमी डीपीआयवर स्कॅन केलं तर सही पुसट येते, म्हणून लिहितात. स्कॅन करताना तुमचं म्हणणं बरोबर आहे. हिने तर फोनवर फोटो काढलेला दिसतोय.

सावली_गुहागर
हो, फोनवरच काढलाय. जेपीजी आहे. लॅपटॉपवर पेंटमध्ये रीसाइज केला, 240 बाय 103. एरर येतो : सहीची फाइल दिलेल्या मर्यादेत नाही. मर्यादा 10 ते 20 केबी. माझी 12 आहे!! मर्यादेतच आहे ना?

वेंगुर्ल्याची_मावशी
माझ्या चेडवाच्या फॉर्माक पण असाच झाला होता. सही कॅपिटल अक्षरात केलंस काय गो? तशी चालत नाय. पांढरो कागद, काळो पेन, आणि सही नेहमीसारखी. सायबरवाल्याकडे जा, तो दोन मिनटात करून देतलो.

सावली_गुहागर
मावशी, सही साधीच आहे. सायबर शृंगारतळीला आहे, आणि या पावसात आता गाडी नाही.

दाभोळखाडी
गुहागरचं कोणी आहेच तर विचारतो, धोपावे-दाभोळ फेरीबोट आज चालू होती का? उद्या दापोलीला जायचंय.

केळशीकर_बागायतदार
माझाही असाच प्रश्न आहे. आंब्याच्या विम्यासाठी सातबारा अपलोड करायचाय. डिजिटल सहीचा काढला, प्रिंट मारली, स्कॅन केली, पीडीएफ 3 एमबीची झाली. मर्यादा 500 केबी. काय करू?

देवगडी
काका, तुमचं नंतर बघू, आधी पोरीचा फॉर्म जाऊ दे. सावली, 12 केबी कुठे बघितलेस? फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघड. तिथे दोन ओळी असतात, साइज आणि साइज ऑन डिस्क. दोन्ही आकडे इथे लिही.

सावली_गुहागर
साइज 8.6 केबी. साइज ऑन डिस्क 12 केबी. हे दोन वेगळे का?

देवगडी
सापडलं. विंडोज डिस्कवर फाइल ठेवताना सहसा 4 केबीचे कप्पे वापरतं. 8.6 ची फाइल दोन कप्प्यांत मावत नाही, तिसरा अडवते, म्हणून 12. फॉर्म खरी साइज बघतो, म्हणजे 8.6. तुझी फाइल मोठी नाही, लहान पडतेय! खालची मर्यादा 10 आहे. आता आणखी लहान करू नकोस.

पिक्सेलवाला
बरोबर. फोनमधला मूळ फोटो परत घे. सहीभोवती थोडीच जागा ठेवून क्रॉप कर आणि 350 बाय 150 कर. सूचनापत्रकात सहीसाठी दिलेलं 140 बाय 60 चं प्रमाण तेच राहतं. लहान केलेली फाइल ताणून मोठी करू नकोस, सही फाटल्यासारखी दिसते. आणि गूगलवर पहिली सापडेल त्या साइटवर सही चढवू नका, हे सगळ्यांनाच सांगतोय. फोटो, सही, आधार एकाच अनोळखी साइटवर देऊन मोकळे होतात लोक. क्वालिटी कमी-जास्त करायची असेल तर स्क्वूश नावाचं फोटो लहान करायचं वेब-अ‍ॅप वापरा. ते ब्राउझरमध्येच चालतं, फाइल बाहेर जात नाही, आणि पट्टी सरकवली की केबी लगेच दिसतात.

सावली_गुहागर
350 बाय 150 केली, 14.8 केबी. घेतली!!! खूप खूप आभार. आता फोटो अडलाय. मर्यादा 20 ते 50, माझा 400 बाय 460 आहे आणि 78 केबी. साइज ऑन डिस्क नाही, खरी साइज बघितली. क्वालिटी कमी केली तर चेहऱ्यावर चौकोन दिसतात.

पिक्सेलवाला
मागे काय आहे फोटोत?

सावली_गुहागर
घराची भिंत. जांभ्याची, गिलावा नाही.

पिक्सेलवाला
मग केबी भिंतच खातेय. जेपीजी चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे तुकडे करतं. सपाट पांढरा तुकडा अगदी थोड्या बाइटमध्ये बसतो. जांभ्याला सगळीकडे भोकं आणि सावल्या, प्रत्येक तुकड्यात लिहायला भरपूर. पांढरी चादर लाव, दारात उजेडाकडे तोंड करून उभी राहा आणि कोणाला तरी काढायला सांग. अंधारात काढलास तर फोटोत दाणे येतात आणि त्यांनीही साइज वाढते. तसाही फॉर्मला मागे फिकट रंगच लागतो.

वेंगुर्ल्याची_मावशी
चादर इस्त्री करून घे गो.

सावली_गुहागर
पडवीत चादर लावून बाबांनी काढला. तेच 400 बाय 460, तीच क्वालिटी, 41 केबी. घेतला. प्रिव्ह्यूमध्ये फोटो आणि सही दोन्ही स्वच्छ दिसतायत, फी भरतेय.

दाभोळखाडी
फेरीबोटीचं कोणी सांगेल का?

देवगडी
केळशीकर काका, आता तुमचं. प्रिंट मारून स्कॅन करायचंच नाही. डाउनलोड केलेली मूळ पीडीएफ तशीच चढवा. तिच्यात अक्षरं अक्षरं म्हणूनच असतात, स्कॅनमध्ये अख्ख्या पानाचं चित्र होतं आणि डिजिटल सहीही राहत नाही. मूळ फाइल डाउनलोड्समध्ये असेल, तिची साइज बघून इथे लिहा.