उजनीच्या उन्हाळ्यात बोटीचा थर्मोस्टॅट काढून टाकायचा का? माझं मत: अजिबात नाही

भीमाकाठ (धागाकर्ता)
उन्हाळा लागला आणि उजनी मायनसकडं सरकली (उपयुक्त साठा संपत आला) की एक सल्ला हमखास मिळतो: "थर्मोस्टॅट काढून टाका, इंजिन गार राहतंय." थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन पुरेसं तापेपर्यंत थंड करणारं पाणी अडवून धरणारी झडप. ती काढायची जीप-ट्रॅक्टरची सवय आता बोटींवर आली आहे.

आउटबोर्डला (बोटीच्या मागं बाहेरून लावलेल्या इंजिनाला) रेडिएटर नसतो, ते धरणाचंच पाणी ओढतं आणि बाहेर टाकतं. ३० अंशांचं कोमट पाणी ब्लॉकमधून अखंड फिरलं तर इंजिन कधी नीट तापतच नाही. बऱ्याच आउटबोर्डचा थर्मोस्टॅट ५० ते ६० अंशांच्या आसपास उघडतो, तो उगाच नाही. गार सिलिंडरमध्ये पेट्रोल अर्धवट जळतं आणि रिंगांच्या फटीतून खाली तेलात उतरतं. रोहित पक्षी दाखवायला तासन् तास हळू फिरणाऱ्या फोर-स्ट्रोक बोटीची डीपस्टिक काढून बघा. तेल वरच्या खुणेच्याही वर चढलेलं असतं, आणि नाकाजवळ नेलं की पेट्रोलचा वास. लोक खूश होतात, "आपलं इंजिन तेल खात नाही" म्हणून!

कुगावचा_नावाडी
ओ साहेब, मे महिन्यात या की इकडं. पाणी मागं सरलेलं असतंय, काठाला निस्ता गाळ. निघताना पंखा चिखल उपसतोय. तो गाळ, ते हिरवं शेवाळ, जलपर्णीची मुळं, सगळं पंपाच्या तोंडाशी. थर्मोस्टॅटमध्ये खडा अडकून तो बंदच राहिला तर? बोटीत माणसं, काठ लांब. तेल खराब झालं तर बदलता येतंय. हेड वाकलं तर सीझन गेला. मी उन्हाळ्यात काढणारच.

पार्कचौक_पोस्ट
काढू नका. पाणी फार जोरात गेलं की त्याला उष्णता घ्यायला वेळच मिळत नाही, उलट इंजिन तापतं.

चिंचोळी_शिफ्टवाला
@पार्कचौक_पोस्ट, हे बरोबर नाही. पाणी जोरात गेलं तर एकूण उष्णता जास्तच वाहून जाते. अडचण वेगळी आहे: काही इंजिनांत थर्मोस्टॅट पाण्याची वाटणीही करतो. तो काढला की पाणी सोपी वाट धरतं आणि एखादा कोपरा कोरडा पडतो. कुठल्या मॉडेलला हे लागू ते मॅन्युअलमध्ये बघा.

भीमाकाठ
@नावाडी, गाळाची भीती खरी आहे. पण गाळ आधी इंपेलरच्या (पाण्याच्या पंपातल्या चाकाच्या) रबरी पात्या खातो. थर्मोस्टॅट काढून पात्या वाचत नाहीत. बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली की तिथंच इंजिन बंद करून जाळी साफ करायची, आणि इंपेलर दर सीझनला नवा.

थर्मोस्टॅटवर विश्वास नसेल तर पातेल्यात पाणी घ्या, तो दोऱ्यानं टांगा, तळाला टेकवू नका. शेजारी थर्मामीटर धरून गॅस बारीक ठेवा. त्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास झडप उघडायला लागली पाहिजे, गार झाल्यावर पूर्ण मिटली पाहिजे. नाही झालं तर फेकून द्या.

वेगवेडा_सोलापूर
मग परदेशातल्या शर्यतीच्या व्ही-८ बोटींत कित्येकदा थर्मोस्टॅट नसतो, ते कसं? ते येडे आहेत का?

चिंचोळी_शिफ्टवाला
येडे नाहीत, त्यांनी तेच काम दुसऱ्या वस्तूंवर सोपवलंय. त्या बोटींत पाणी घेणारं तोंड पुढच्या दिशेला उघडं असतं, म्हणून बोटीचा वेगच पाणी आत रेटतो. हा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ३० किमीला बारचा जेमतेम तिसरा हिस्सा, ताशी १०० ला जवळजवळ ४ बार. एवढा दाब ब्लॉकमध्ये शिरला तर गास्केट टिकत नाही. म्हणून आत येणाऱ्या नळीवर व्हॉल्व्ह, जादा पाणी बाहेर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह, आणि चालकापुढं पाण्याच्या दाबाचं व तापमानाचं मीटर. तेल गरम झाल्याशिवाय ते थ्रॉटल दाबत नाहीत. शिवाय ती इंजिनं थोड्या तासांनी खोलून पुन्हा बांधतात. तुमच्याकडं यातलं काय आहे?

वेगवेडा_सोलापूर
काही नाही बे 😄 पण मीटर बसवायची आयडिया चांगली आहे.

कुगावचा_नावाडी
पातेल्याचं करून बघतो. पण आमचे मिस्त्री म्हणतात, त्यांनी आजवर थर्मोस्टॅट काढलेल्या एकाही बोटीचं इंजिन बंद पडलं नाही.

भीमाकाठ
त्यांना विचारा, त्या बोटींचं तेल किती तासांनी बदलतात. ५० तासांनी बदलत असतील तर इंजिन तेलाच्या खर्चावर टिकलंय.

कुगावचा_नावाडी
तेलाचा खर्च मी बघतो. मेमध्ये काढणार, पाऊस पडून धरण प्लसमध्ये आलं की बसवणार.

चिंचोळी_शिफ्टवाला
निदान तो काढलेला थर्मोस्टॅट फेकू नका, आणि बसवताना गास्केट नवीन घ्या.