भाजलेल्या वहिनीसाठी गावात वर्गणी काढतोय, कशी काढावी?

येळ्ळूरकर: आमच्या गल्लीतल्या वहिनी गॅस लीक होऊन भाजल्यात, हात आणि मान. मंडळाची पोरं वर्गणी काढायला तयार हायत पण पैसे कुठं लागतील तेच कळंना, जरा सांगा.

शहापूरची ताई: दादा, आधी रेशनकार्ड बघा. बीपीएल असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेत वर्षाला कुटुंबामागं 5 लाखांपर्यंत उपचार होतात, एपीएलला पॅकेजच्या, म्हणजे सरकारनं त्या उपचाराला ठरवलेल्या दराच्या, 30 टक्के मिळतात. त्यामुळं सगळी वर्गणी आत्ताच हॉस्पिटलात घालू नका, खरा खर्च घरी आल्यावर सुरू होतो. माझी बहीण भाजलेली तेव्हा तिला प्रेशर गारमेंट घालायला सांगितलेलं, म्हणजे भाजल्याचे व्रण दाबून ठेवणारी घट्ट कापडी बाही, आंघोळ सोडली तर दिवसरात्र अंगात, उन्हाळ्यात खाज सुटून रडायची ती. दोन जोड लागतात, एक धुवायला, आणि इलास्टिक सैल पडलं की नवीन. शिवाय फिजिओथेरपी चुकवली तर कातडी आखडून बोटं वळेनाशी होतात.

खानापूरकर: ताई बरोबर बोलल्या. पैसे वहिनींच्याच खात्यावर जाऊ देत, हिशोब मंडळाच्या फळ्यावर लावा. आणि फोटो मागू नका कुणी, जखमांचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवून वर्गणी काढणं मला अजिबात पटत नाही.

येळ्ळूरकर: फोटो नाहीच टाकणार. पोरं आळीपाळीनं फिजिओला गाडीवरनं नेतो म्हणालीत, आणि वहिनींच्या मुलांचा डबा बायकांच्या भिशीनं घेतलाय अंगावर.

शहापूरची ताई: हे बेस्ट केलात बघा. वहिनींना सारखं "कसं झालं" विचारू नका तेवढं.