राहतं घर हयातीतच मुलांच्या नावावर करावं का?

कोयनाकाठ
सासऱ्यांनी स्वकमाईने साताऱ्यात बांधलेलं घर त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. थोरले दीर म्हणतात, मृत्युपत्राच्या भानगडीत पडू नका, बक्षीसपत्रच करा. महाराष्ट्रात राहतं घर मुलांना किंवा नातवंडांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपयेच लागतं, हा त्यांचा मुख्य मुद्दा. मला हे पटत नाही. मृत्युपत्र माणसाला शुद्धीत असेपर्यंत कितीदाही बदलता येतं. बक्षीसपत्र एकदा नोंदवलं की मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. स्वस्त पडतं म्हणून म्हाताऱ्या माणसाने छप्पर देऊन टाकायचं?

नाना_पंढरपूर
असहमत. आमच्या वडिलांचं मृत्युपत्र रीतसर नोंदवलेलं होतं, तरी भावाने हरकत घेतलीच. नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झालं असं होत नाही. निदान एका साक्षीदाराला कोर्टात येऊन 'सही माझ्यासमोर झाली' असं सांगावं लागतं. आमचे दोन्ही साक्षीदार वडिलांच्याच वयाचे. एक वारले होते, दुसऱ्यांना काही आठवेना. बक्षीसपत्रावर वाद झाला तर देणारा स्वतः सांगायला हयात असतो. मरणानंतर भावंडांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा ते कधीही बरं.

रेवती
नाना, तुम्हाला झालेला त्रास खरा, पण तो साक्षीदारांच्या निवडीमुळे झाला. वयाने लहान, गावातच राहणारे आणि ज्यांना मिळकतीतलं काही मिळणार नाही असे दोघे घ्यावेत. त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं.

आता दुसरी बाजू. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी फ्लॅट मुलाला बक्षीस दिला आणि वर्षभरात त्यांची खोली गेली. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली असं बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, म्हणून त्या प्रांतांकडे गेल्या. पण मुलाने सांभाळ करायचा ही अट दस्तात कुठेच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अशी अट सिद्ध व्हायलाच हवी असं म्हटलं. जानेवारी २०२५ च्या निकालात ज्येष्ठांच्या बाजूने जरा उदार अर्थ लावला. पण त्या वयात हा झगडा करायची वेळच का यावी?

नाना_पंढरपूर
मग अट लिहा ना! 'मी व माझी पत्नी हयात असेपर्यंत या घरात राहण्याचा हक्क राखून' असं वाक्य वकील घालून देतात. दस्त नीट लिहिला तर हा प्रश्नच येत नाही.

दुबईकर_सुहास
वडिलांनी पुण्यातल्या बहिणीला कुलमुखत्यारपत्र दिलंय. बँक, सोसायटी, कर सगळं तीच बघते. मग मृत्युपत्र हवंच कशाला?

रेवती
सुहास, कृपया हे लांबणीवर टाकू नका. मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं, त्यानंतर बहिणीच्या सहीला काही अर्थ राहत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे देणाऱ्याचं मानसिक भान गेलं तरी ते संपतं (करार कायदा १८७२, कलम २०१). स्मृतिभ्रंशात उपयोगी पडेल म्हणून लोक ते करून ठेवतात, आणि नेमकं तेव्हाच ते चालत नाही. तशी वेळ आली तर उच्च न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागू शकतो. वडील ठणठणीत आहेत तोवर मृत्युपत्र करून घ्या.

मधुरा_बेळगाव
इतक्या चर्चेत सासूबाईंचं नाव कुणी घेतलं का? बक्षीसपत्र मुलाच्या नावाने झालं की सासऱ्यांमागे त्या स्वतःच्या घरात मुलाच्या मर्जीवर. आणि लेकी? काहीच न लिहिता सासरे गेले तर हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगे आणि मुली सगळ्यांना सारखा वाटा आहे. तो टाळायलाच कित्येक घरांत घाईने बक्षीसपत्र होतं, नाहीतर तेराव्यानंतर बहिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवलं जातं. माहेर तुटेल या भीतीने त्या सही करतात. नाना, तुमच्या त्या एका वाक्यात बहिणी कुठे बसतात?

नाना_पंढरपूर
मधुराताई, बहिणींना द्यायचं असेल तर बक्षीसपत्रात त्यांचीही नावं घालता येतात, त्यांनाही तेच २०० रुपये लागू आहेत. माझं मत तेच: जे द्यायचं ते डोळ्यांदेखत द्यावं.

कोयनाकाठ
सासूबाईंचा मुद्दा माझ्याही मनात आला नव्हता. सासऱ्यांना सुचवणार आहे की मृत्युपत्रात घर आधी सासूबाईंना हयातभर, त्यांच्यानंतर सगळ्या मुलामुलींना समान. दोन्ही नणंदांना रविवारी बोलावलंय. दिरांना हे रुचणार नाही, पण बोलणं सगळ्यांसमोर होईल.