विषय: राखेचा बुधवार आलाच, मुलीला काय सांगू?

मंडळी, नमस्कार.

येत्या बुधवारी कपाळाला राख लागेल आणि लेंट, म्हणजे ईस्टरआधीचे त्यागाचे दिवस, सुरू होतील. धाकटीला इथल्या शाळेत विचारलं, यंदा लेंटमध्ये काय सोडणार? ती म्हणाली, चॉकलेट. चाळीस दिवस सोडेल आणि ईस्टरला सगळं एकदम खाईल. माझं मन काही मानत नाही. मी पुण्यात वाढले; आमच्या घरी लेंट म्हणजे शुक्रवारी मटण नाही, एवढंच. गावाकडे वाढलेल्या कुणी सांगाल का, तुमच्याकडे काय करायचे?

*

ताई,

माझं गाव मोर्शी तालुक्यात. गावात कॅथलिक घरं मोजून चार. आदल्या वर्षी ईस्टरआधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आणलेली शिंदीची पानं आजी क्रुसामागे खोचून ठेवायची. वर्षभरात ती वाळून कडक व्हायची. ती पानं आम्ही चर्चमध्ये परत न्यायचो, तीच जाळून कपाळाला लावायची राख व्हायची. घरातलंच पान कपाळावर आलं, याचं मला लहानपणी फार अप्रूप.

उपासाचं म्हणाल तर शेजारच्या काकूंना आमचा उपास कधी नीट कळला नाही. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, त्या न चुकता साबुदाण्याची उसळ आणून द्यायच्या. आपल्यात साबुदाणा-भगरीचा प्रश्नच नाही, दिवसातून एकदाच पोटभर जेवायचं. आजी ती उसळ घ्यायची आणि तेच आपलं त्या दिवसाचं जेवण धरायची. काकूंचं मन मोडणं तिला उपास मोडण्याहून जड वाटायचं, आणि मला आजही ते बरोबर वाटतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. लेंटच्या दिवसांत आमच्याकडे मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेला, संत्रा तोडणीला असतो. बाबा बागेत कामाला, रोज दोन-चार संत्री घरी यायची. एका वर्षी मी जाहीर केलं, संत्रा सोडला. आजी म्हणाली, ‘सोडला त मंग तो गेला कोठी?’ मी गप्प. संत्री टोपलीत तशीच सुकत होती. दुसऱ्या दिवसापासून माझ्या वाट्याचं संत्रं मी गल्लीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या बुढीकडे न्यायला लागलो. तिला दात नव्हते. मग मीच सोलायचो, बिया काढायचो, फोडीची साल उतरवून तिच्या हातावर ठेवायचो. बोटांना दिवसभर वास यायचा. खायची इच्छा तेव्हा खरी व्हायची. नुसतं न खाण्यात ती कळलीच नव्हती.

राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी चर्चमध्ये बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाचा ५८वा अध्याय वाचतात: मला हवा तो उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं. आजीला वाचता येत नव्हतं, पण ते वाचन ती दरवर्षी कान देऊन ऐकायची.

मुलीवर नियमाचा भार टाकू नका. मांस वर्ज्य १४ वर्षांपासून, उपास १८ ते ५९, तोही राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार असा दोनच दिवस. तिला काहीच बंधन नाही. म्हणून तर ती करेल ते तिचं स्वतःचं असेल.

*

काका,

काल रात्री तुमची मेल तिला वाचून दाखवली. संत्र्याच्या बिया काढण्याचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. चॉकलेट आता नेहमीसारखंच आणायचं, पण द्यायचं कुणाला, याची यादी तिने फ्रिजवर लावली आहे. पहिलं नाव खालच्या मजल्यावरच्या आजींचं. त्यांना साखर चालते का, हे विचारायला ती आत्ताच खाली गेली आहे.