विषय: लांब चवळीचा वेल माजलाय, शेंग एकही नाही

मंडळी नमस्कार,
न्यू जर्सीत एडिसनला बॅकयार्डमध्ये लांब चवळी लावलीय, ती हातभर शेंगांची. मे एंडला बी टाकलं, आता वेल फेन्सवरून पलीकडे गेलाय, पानं ही एवढाली, पण जुलै संपत आला तरी फुलाचा पत्ता नाही, वर शेंड्यांना काळा मावा (रस शोषणारे बारीक किडे) आणि मुंग्यांची रांग. टोमॅटोचंच फर्टिलायझर दर आठवड्याला घालतेय. अजून काय घालू?

रिप्लाय:
अगं काही घालू नकोस, आधी खत बंद कर! चवळी कडधान्यातली, तिच्या मुळांवरच्या गाठीतले बॅक्टेरिया हवेतला नायट्रोजन तिला देतात, त्यात तू वरून ओततेस मग ती पानंच काढत बसणार. पाणी मात्र चुकवू नकोस.

आणि बी कुठलं आहे? उष्ण भागातल्या काही जातींना दिवस लहान झाल्याशिवाय फूलच येत नाही, जर्सीत जूनमध्ये १५ तास उजेड, म्हणजे त्या फुलणार उन्हाळा सरताना आणि ऑक्टोबरात फ्रॉस्ट की खेळ खल्लास. पुढच्या वर्षी इथल्या सीड कंपनीचं किंवा चायनीज दुकानातलं पाकीट घे. गावाहून बी आणायचं तर फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे बी रोग-किडीपासून मुक्त असल्याचा सरकारी दाखला लागतो, एअरपोर्टवर उगाच लफडं नको.

मुंग्या माव्याचा गोड चिकटा खायला येतात आणि वर त्याला राखतात पण. सकाळी पाइपने पानांच्या खालच्या बाजूला जोरात पाणी मार, रोज, आणि फारच बरबटलेला शेंडा सरळ खुडून टाक.

फुलं सकाळचीच बघ, दुपारपर्यंत मिटतात. शेंगा जोडीने लोंबतात, त्या ओरबाडायच्या नाहीत हं, कात्रीने फक्त शेंग काप, कारण त्याच दांड्याच्या टोकाला पुढच्या कळ्या असतात. इंग्रजी नाव यार्डलाँग, म्हणजे यार्डभर लांब, पण पेन्सिलीएवढी जाड झाली की दीड फुटावरच काढ, नाहीतर फोपशी होते. एकदा लागल्या की दिवसाआड तोडायच्या, वेलावर जून शेंगा राहिल्या की नवीन येणं मंदावतं.

रिप्लाय:
काकूंचं सगळं मान्य, पण फोपशी झाली म्हणून कोणी फेकू नका रे, ओले दाणे सोलून ओलं खोबरं घालून उसळ करा, आमच्याकडे त्यासाठी मुद्दाम चार शेंगा जून होऊ देतात.